गणपतीच्या वाटेवरील वळणे

भाद्रपद शुद्ध चतुर्थी चार-पाच दिवसांवर येऊन ठेपली की आमच्या पनवेल नगरीची रात्र झोपेनाशी होते. मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवली येथून घराकडे निघालेला चाकरमानी याच उंबरठ्यावरून कोकणात पाऊल टाकतो. येथे वाट दुभंगते. एक बोरघाटाने देशावर चढते. दुसरी शिरढोणवरून कर्नाळ्याच्या खिंडीत शिरते आणि पेण, नागोठणे, माणगाव, महाड, पोलादपूर करीत कशेडीच्या पायथ्याशी जाते. कीर्तन आटोपून उत्तररात्री परतताना महामार्गाच्या कडेस क्षणभर उभे राहण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. रेल्वेची आरक्षणे उघडताच संपतात, खासगी गाडीचे भाडे परवडत नाही, आणि गणपतीला घरी जायचे तर असतेच; मग मोटारसायकल निघते. पुढे तरणा मुलगा, मागे त्याची पत्नी, दोघांच्या मध्ये पेंगुळलेले लेकरू, आणि दोन्ही बाजूंस दोरीने आवळलेले मखराचे सामान. एकामागून एक तांबडे दिवे कर्नाळ्याच्या काळोखात शिरताना दिसतात, आणि आमच्या पोटात गोळा येतो.

सणाच्या पानावर मोटारसायकलचे पुराण कशास, असे काही वाचकांस वाटेल. त्यांनी केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेले २०२२ सालचे आकडे पाहावेत. त्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. ज्यांच्या मस्तकी शिरस्त्राण नव्हते अशा मृतांची संख्या ५०,०२९. हे आकडे सर्व देशाचे, सर्व रस्त्यांचे आहेत; त्यांतील घाटातले किती आणि सणाच्या वाटेवरचे किती, हा हिशेब आम्ही मांडीत नाही. आमचा हिशेब निराळा आहे. उत्सवातील कीर्तनासाठी घेतलेली सुपारी त्याच घरी दुखवट्याच्या कीर्तनाने फेडण्याची पाळी आमच्यावर एकाहून अधिक वेळा आली आहे. मूर्ती चौरंगावर झाकलेली, समई पेटलेली, आणि घरातला कर्ता मुलगा वाटेतच राहिलेला. अशा घरी कोणते आख्यान लावावे, हे आम्हांस कोणत्याही गुरूने शिकविले नाही.

वेगाच्या गोष्टी कीर्तनकारास नवीन नाहीत. नलाख्यान आम्ही किती वेळा लावले असेल, याची गणती नाही. बाहुक झालेला नल ऋतुपर्ण राजाचा रथ एका दिवसात विदर्भास नेण्यासाठी सोडतो. वाटेत राजाचे उत्तरीय खाली पडते. राजा म्हणतो, थांब, ते उचलून घेऊ. नल उत्तरतो की ते आता योजनभर मागे राहिले. श्रोत्यांस हा प्रसंग फार आवडतो. तरुणांच्या माना डोलतात, आणि आम्हीही तो रंगवून सांगत आलो. परंतु त्या रथावर बसलेला सारथी अश्वांचे हृदय जाणणारा होता, ही गोष्ट आम्ही त्या भरात दोन शब्दांत उरकत असू. नलास वेग साधला तो अश्वविद्येमुळे. विद्या मागे राहून वेग तेवढा पुढे गेला तर काय होते, याचे आख्यान महाभारतात नाही. ते आमच्या स्वतःच्या आयुष्यात आहे.

सन १९८८, श्रावणमास. खेडकडील एका गावचे कीर्तन आटोपून आम्ही पनवेलास परत निघालो होतो. दुचाकी आमची, हाती हँडल आमचे. मागे आमचे तबलजी, आणि त्यांच्या पाठीमागे दोरीने बांधलेला तांब्याचा डग्गा. कशेडी चढून पोलादपूरच्या अंगास उतरू लागलो तेव्हा झिमझिम चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलात एक पूजा होती आणि आम्ही वेळ गाठण्याच्या नादात होतो. एक उजवे वळण आले, डावीकडे दरी. वळणात शिरल्यावर उमगले की वेग जास्त झाला. पुढे जे घडले त्यास दोन-तीन क्षणही लागले नसावेत, तथापि आम्ही ते इतक्या वेळा मनात उलगडले आहे की त्याचा प्रत्येक पदर आम्हांस पाठ आहे. आमची दृष्टी कठड्यावर गेली आणि तेथेच खिळली. हात पुढच्या ब्रेकवर आवळला. कललेली गाडी उभी झाली, वळण सोडून सरळ धावली आणि ज्या दगडाकडे आम्ही पाहात होतो नेमक्या त्याच दगडावर आदळली. आम्ही रस्त्यावर फेकले गेलो, खरचटले, एवढेच. तबलजींचा डावा पाय गाडी आणि कठडा यांच्या मध्ये सापडला. डग्गा दोर तोडून दरीत गडगडत गेला. तो दुसऱ्या दिवशी एका गुराख्याने आणून दिला. तबलजींचा गुडघा मात्र त्यानंतर कधीही पूर्ण मिटला नाही. ज्याची अर्धी विद्या मांडीवर बसण्यात आहे त्या कलावंताने पुढचे सारे आयुष्य स्टुलावर बसून, लाकडी घोडीवर तबला ठेवून साथ केली. त्यांनी आम्हांस आजवर एका शब्दानेही दूषण दिले नाही. दिले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस पुष्कळदा वाटले.

त्या अपघाताने आम्हांस जे कळले ते पुढे जाणत्या चालकांस विचारून, थोडे गणित करून, आणि घाटांत पुन्हा भीत भीत गाडी चालवून आम्ही पक्के केले. ते येथे मांडतो.

नैयायिकांनी आणि वैशेषिकांनी गुणांच्या यादीत संस्कार नावाचा एक गुण सांगितला असून त्याचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन भेद केले आहेत. तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास हे ठाऊक असते. वेग हा एक संस्कार आहे, म्हणजे एकदा वस्तूत शिरला की लगेच जात नाही, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक होय. गाडी वळणावर आली म्हणून तिच्यातील वेग वळत नाही. तो आपला सरळच जाऊ पाहतो. त्यास वळविण्याचे काम टायरच्या त्या तळहाताएवढ्या भागास करावे लागते, जो त्या क्षणी जमिनीस टेकलेला असतो. याच शास्त्रकारांनी वेग हा पृथ्वी, जल, तेज, वायू यांच्याप्रमाणे मनातही असतो असे म्हटले आहे. १९८८ च्या त्या रात्री गाडीचा वेग आणि मनाचा वेग यांपैकी कोणता अधिक होता, हे आम्ही आजही सांगू शकणार नाही.

आता गणित. वेग दुप्पट झाला की गाडी वळविण्यास लागणारा जोर चौपट होतो. घाटातील सुमारे ३० मीटर त्रिज्येचे एक वळण घेऊ. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ते घेताना गाडी सुमारे १९ अंश कलते आणि टायरला भाराच्या एक तृतीयांशाइतकी पकड लागते. हे कोणासही जमावे. तेच वळण ताशी ५४ ने घेतले तर गाडी ३७ अंश कलवावी लागते आणि पकड लागते भाराच्या तीन चतुर्थांशाइतकी. ताशी ७२ ने घेऊ म्हटले तर भाराहून अधिक पकड हवी. ती नेहमीच्या टायरजवळ नसते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर सात-आठ दशांश पकड मिळते. ओल्या रस्त्यावर ती निम्म्यावर किंवा त्याखाली येते. शेवाळलेल्या कडेवर, सांडलेल्या डिझेलवर, पांढऱ्या पट्ट्यांच्या ओल्या रंगावर ती जवळजवळ उरतच नाही. म्हणजे वैशाखात ताशी ५४ ने निभावलेले वळण भाद्रपदात त्याच वेगाने निभावेल, ही आशाच व्यर्थ होय. गावाकडील वाट पाठ आहे असे म्हणणारास त्या वाटेचे उन्हाळ्यातील रूप पाठ असते.

आणि ही पकड म्हणजे एकच पुंजी आहे. थांबण्याचा खर्च तिच्यातूनच आणि वळण्याचाही तिच्यातूनच. वळणात गाडी कललेली असताना बहुतेक पुंजी वळण्यात गुंतलेली असते. त्याच वेळी ब्रेक आवळला की दिवाळे निघते. पुढचा ब्रेक आवळला तर गाडी उभी होऊन सरळ धावते किंवा पुढचे चाक सटकते. मागचा दाबला तर मागचे चाक घसरून बाहेर येते. सबब वेग कमी करावयाचा तो वळणापूर्वी, गाडी उभी आणि सरळ असताना, दोन्ही ब्रेक हलक्या हाताने आणि वाढत्या जोराने लावून. गिअर उतरवावयाचा तोही तेथेच. वळणात शिरल्यावर ॲक्सिलेटर एकदम सोडू नये आणि एकदम पिळूही नये. किंचित, स्थिर रेस ठेवावी, म्हणजे भार दोन्ही चाकांवर समान राहतो. आमच्या धंद्यातले सांगायचे तर पूर्वरंगात जे बसले नाही ते आख्यान चालू असताना बसवता येत नाही. श्रोते निदान सोसून घेतात.

१२५ सी. सी. वरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून चाक जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली, हे उत्तमच झाले. तिने अनेकांचे प्राण वाचविले असतील. पण ती नसलेली पकड निर्माण करीत नाही. रस्त्यावर खडी पसरलेली असेल तर तीही खडीच्याच दयेवर असते.

उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची एक खोड आमच्याकडे आहे. पाच-दहा रुपयांच्या पेट्रोलसाठी इंजिनाची ओढ गमवायची आणि सारा भार ब्रेकवर टाकायचा. दहा-बारा वळणांनंतर ब्रेक तापून लागेनासे झाले की मग देवाचा धावा. ज्या गिअरने घाट चढावा लागतो त्याच गिअरने तो उतरावा, हे जुने लॉरीवाले सांगत असत आणि ते दुचाकीसही लागू आहे. चढताना निराळा धोका. चिमट्यासारख्या वळणावर, मागे माणूस आणि सामान असताना, वरच्या गिअरमध्ये इंजिन बंद पडले की गाडी जागच्या जागी आडवी होते. तेव्हा वळणाआधीच पहिला किंवा दुसरा गिअर घालून मग वळावे.

दृष्टीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमचा घात दृष्टीनेच केला. डोळे जिकडे खिळतात तिकडे हात आणि गाडी जातात. म्हणून वळणात कठड्याकडे, दरीकडे, समोरच्या खड्ड्याकडे टक लावू नये. मान वळवून वळण जेथे सुटते तेथे पाहावे. वळण सुटताना दिसत नसेल, आणि घाटात बहुधा दिसत नाहीच, तर रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडा जेथे एकमेकींस मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर दृष्टी ठेवावी. तो बिंदू आपल्यासमोर दूर दूर सरकू लागला तर वळण सुटत आहे असे समजावे. तो एका जागी थांबून जवळ येऊ लागला तर वळण आवळत आहे. वेग अजून कमी हवा. दिसते तेवढ्या अंतरात थांबता यावे, इतकाच वेग आपला. ताशी ५४ ने जाताना माणूस एका सेकंदात १५ मीटर जातो, आणि ब्रेकवर बोट पोहोचण्यासच एक सेकंद लागतो.

दुसरी गोष्ट अनेकांस खोटी वाटेल. गाडीला वेग असताना डावीकडे वळायचे तर डाव्या मुठीस पुढे ढकलावे लागते; म्हणजे हँडल क्षणमात्र उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे कलते. विमानाचे जनक विल्बर राइट मूळचे सायकलवाले. सायकलस्वार हे नकळत करतात आणि त्यांस ते ठाऊक नसते, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. एरवी नकळत झाले तरी चालते. पण वळण अकस्मात आवळले आणि भीती वाटली की माणूस नेमके उलटे करतो. हँडल वळणाच्या दिशेने ओढतो आणि गाडी उभी होते. त्या क्षणी आतल्या बाजूची मूठ धीराने पुढे दाबावी, नजर वाटेवर ठेवावी, गाडी आणखी कलू द्यावी. बहुतेक वेळा टायरची पकड चालकाच्या धीरापेक्षा जास्त असते. हे मोकळ्या मैदानात आधी करून पाहिले पाहिजे. घाट ही शिकण्याची जागा नव्हे.

शर्यतीचे चलच्चित्र पाहून तरुण मुले रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झोकून वळण कापतात. शर्यतीच्या मार्गावर समोरून कोणी येत नाही. आपल्या रस्त्याचा उजवा अर्धा भाग दुसऱ्याचा आहे, एवढे स्मरण ठेवले तरी पुष्कळ. डाव्या वळणावर आपल्या अर्ध्या भागाच्या मध्यावरून किंवा त्याच्या किंचित उजवीकडून शिरावे, म्हणजे डोंगराच्या कुशीआड अधिक दूरचे दिसते. परंतु मधल्या रेषेस चिकटू नये, कारण समोरचा ट्रक ती ओलांडूनच येईल असे धरून चालावे. उजव्या वळणावर डावीकडून शिरावे, मात्र अगदी कडेच्या कचीत आणि मातीत नव्हे. तेथे एक फसगत होते. चाके रेषेच्या आत असतात, पण कललेल्या चालकाचे मस्तक रेषेपलीकडे गेलेले असते, आणि समोरच्या गाडीस ते मस्तकच प्रथम भेटते.

एसटीची लांब गाडी चिमट्याच्या वळणावर पुढचे तोंड बाहेर काढते आणि तिची मागची चाके आतली कड कापीत जातात. तिच्या पोटाशी आत घुसून पुढे जाऊ पाहणारास ती पाहू शकत नाही. ती वळणात शिरताना दिसली की खाली मोकळ्या जागी थांबावे. रस्ता अरुंद असेल तेथे उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी, हा आमचा शिष्टाचाराचा उपदेश नाही. २०१७ च्या वाहनचालन नियमांत तो लिहिला आहे.

बोरघाटाच्या जुन्या रस्त्याने देशावर जाणारांची गोष्ट थोडी निराळी. कळंबोलीहून निघणाऱ्या द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव असल्याने खोपोलीवरून जुन्या महामार्गानेच घाट चढावा लागतो. गव्हर्नर माल्कम यांच्या काळी, १८३० मध्ये, हा घाट गाड्यांस खुला झाला. त्याच्या वाटेवर शिंग्रोबाचे देऊळ आहे. आख्यायिका अशी की डोंगराची वाट साहेबाच्या अभियंत्यांस सापडेना. मेंढरे चारणाऱ्या एका धनगराने ती दाखविली आणि त्याचे बक्षीस म्हणून प्राण गमावले. चालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. नाणे टाकावे, आम्हीही टाकतो. पण त्या धनगरास वाट कशी कळली असेल? मेंढरांच्या पावलांनी, डोंगर जेथे जेथे वळू देतो तेथे तेथे वळून. नाणे टाकण्यासाठी गाडी थांबविलेलीच असते. तेवढ्यात तापलेले ब्रेक निवतात, हा त्या देवाचा प्रत्यक्ष प्रसाद. (अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे महड याच खोपोलीच्या अलीकडे आहे, सावित्रीकाठचे महाड ते दुसरे. दरवर्षी कोणी ना कोणी एकाचा पत्ता विचारीत दुसऱ्याच्या वाटेला लागतो, म्हणून हा खुलासा.)

मागे बसणाऱ्याविषयी आमचे मत कठोर आहे. कर्णाने सारथी म्हणून शल्य घेतला आणि शल्य वाटभर त्याचा तेजोभंग करीत राहिला. आजचा शल्य उलटा आहे. तो मागे बसून ‘अरे मार, मार, तो बघ पुढे गेला’ म्हणतो. दोन्ही शल्यच. मागच्याने चालकाबरोबर कलावे, त्याच्या उलट अंग टाकू नये, वळणात हालचाल करू नये. पत्नी एका बाजूस पाय टाकून बसली असेल तर गाडीचा तोल आधीच एका अंगास असतो. दोन्ही बाजूंस पाय टाकून बसण्यात लाज ती कसली? ओढणी किंवा पदर आवळून खोचावा. ऋतुपर्णाचे उत्तरीय नुसते मागे राहिले; आजचे उत्तरीय साखळीत जाते आणि गळ्यासकट ओढते. १९८८ चा मोटार वाहन कायदा चालकामागे एकाहून अधिक माणूस बसू देत नाही, आणि शिरस्त्राण दोघांसही सक्तीचे करतो. चार वर्षांखालील मुलास चालकाशी बांधणारा पट्टा, छोटे शिरस्त्राण, आणि ते सोबत असता ताशी ४० हून अधिक वेग नाही, असा केंद्रीय नियम २०२२ मध्ये झाला. पनवेलहून निघणाऱ्या किती गाड्यांवर असा पट्टा दिसतो, हे आम्ही रस्त्याच्या कडेस उभे राहून पाहिले आहे. सांगण्यासारखे काही नाही.

आता ज्यांच्या हाती रस्ते आहेत त्यांस दोन शब्द. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. कर्नाळा, सुकेळी खिंड, कशेडी, भोस्ते, परशुराम या नावांचा धसका घेतलेल्या पिढीने ते मोठ्या आशेने पाहिले, आणि वर्षानुवर्षे वळवलेल्या कच्च्या पट्ट्यांवरून गणपती आणले. कशेडीस बोगदा झाला. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर त्याची एक बाजू हलक्या वाहनांस खुली झाली, त्याबद्दल आनंदच आहे. परंतु उत्सवापूर्वी आठवडाभर खड्ड्यांत सुटी खडी ओतून ती तशीच सोडणे, हे खड्डे ठेवण्यापेक्षा वाईट आहे. चारचाकीस खड्डा बोचतो. दुचाकीस वळणावरची खडी मारते. खडी झाडून काढण्यास निविदा लागत नाही, खराटा लागतो. आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे बसवावेत आणि त्यांवर चढलेले वेल कापावेत. पनवेलातील मंडळांनीही रात्री चहा वाटताना शेजारी हवा भरण्याचा पंप ठेवावा. टायरची हवा पाहून मगच चहा, असा दंडक घातला तर तो चहा गोड लागेल.

आणि निघण्याची वेळ. चतुर्थीस मध्यान्हीची प्रतिष्ठापना गाठायची म्हणून रात्रभर गाडी हाकणारे तरुण आम्हांस दरवर्षी भेटतात. गेल्या साली पेट्रोल पंपावर एक भेटला, डोळे तांबडे झालेले. म्हणाला, ‘बुवा, पूजेला पोचायलाच हवं.’ आम्ही विचारले, ‘बाळा, घरी कोण आहे?’ वडील आहेत, दोन चुलते आहेत, म्हणाला. मग पूजा ते करतील, तू संध्याकाळच्या आरतीस जा. कीर्तनकार म्हणून, आणि थोडेबहुत धर्मशास्त्र वाचलेला म्हणून, आम्ही त्यास हे सांगितले. आणि हेच या पानावरून सर्वांस सांगतो. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागतो तो कळतही नाही. उजाडल्यावर निघावे. त्या मुलाने ऐकले की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. त्याने हेल्मेट आरशावरून काढून डोक्यावर चढविले, एवढे मात्र आम्ही पाहिले.

काल संध्याकाळी तबलजींकडे गेलो होतो. त्यांचा नातू यंदा प्रथमच स्वतःच्या मोटारसायकलने गावी जातो आहे. त्यांचे गाव कशेडीच्या जुन्या रस्त्यावरच असल्याने बोगद्याचा त्यास उपयोग नाही. मुलगा पाया पडला. म्हणाला, ‘बुवा, शनिवारी उजाडल्यावर निघतो. आजोबांनी तीन वेळा टायर बघायला लावले.’ त्यास वळणापूर्वीच्या ब्रेकविषयी, उजव्या वळणावरच्या मस्तकाविषयी, कठड्याकडे न पाहण्याविषयी आम्ही सारे सांगितले. तबलजी स्टुलावर बसून ऐकत होते. कोपऱ्यात तो डग्गा होता. त्याच्या अंगावरचा पोचा त्यांनी कधी ठोकून घेतला नाही. आमचे बोलणे संपल्यावर ते नातवाला म्हणाले, ‘पोलादपुरास थांबून एक फोन कर, आणि घरी पोचल्यावर दुसरा.’ मग आमच्याकडे वळून म्हणाले, ‘बुवा, त्या दोन फोनांच्या मधला वेळ तुम्ही इथे येऊन बसा.’

शनिवारी सकाळची आमची दुसरी कामे आम्ही रद्द केली आहेत.